नानांच्या लेथवरचे लाल आकडे

दिवाळी अंकातले कामाच्या अनुभवांचे लेख मी नेहमी शेवटपर्यंत वाचते. लिहिणारी माणसं तीस-तीस वर्षं नोकरी केलेली, निवृत्त झालेली असतात. म्हणून आमच्या मराठीच्या मॅडमनी "तू काम करतेस ना, मग दिवाळी अंकाला लिही" असं म्हटल्यावर मला हसू आलं. माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष अजून चालू आहे. मला कसला अनुभव? मॅडम म्हणाल्या, "हात काळे होतात का तुझे?" मी म्हटलं, होतात. "मग लिही."

हात काळे होतात ते महाजन भाऊंच्या कामामुळे. आम्ही मेहरूणला राहतो. आई डाळ मिलमध्ये जाते, बाबा केळीच्या गाड्या भरतात, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. महाजन भाऊंचं जळगावच्या एमआयडीसीत लहानसं दुकान आहे. ते जुन्या लेथ मशीनला डीआरओ बसवून देतात. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जाते.

डीआरओ, म्हणजे डिजिटल रीडआउट, काय असतं, हे मला आईलाही समजावून सांगावं लागलं होतं. लेथवर लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि धारदार टूल त्याला बाजूने तासत जातं. टूल पुढे-मागे करायला हँडल असतं, हँडलला गोल डायल असते आणि डायलवर केसासारख्या बारीक रेघा असतात. कारागीर त्या रेघा मोजून ठरवतो की टूल आत किती गेलं. पण वर्षानुवर्षं वापरून आतला स्क्रू झिजतो. मग हँडल थोडं फिरतं तरी टूल जागचं हलत नाही. मुरलेला कारागीर ती ढिलाई मनात धरून चालतो. आम्ही काय करतो, तर सरकणाऱ्या भागालाच एक पट्टी बसवतो. ॲल्युमिनियमच्या नळीत काच, काचेवर डोळ्याला न दिसणाऱ्या रेघा, आणि त्या वाचत सरकणारं एक छोटं यंत्र. स्क्रू कितीही झिजलेला असो, टूल खरोखर जेवढं हललं तेवढंच समोरच्या डब्यावर मोठ्या लाल आकड्यांत दिसतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. चाळीसगावच्या एका काकांनी डबा बसवून घेतला, त्यावर मुलीच्या लग्नातला जाळीचा रुमाल घातला आणि तो कधी सुरूच केला नाही. आलेल्या माणसाला फक्त दाखवतात. जळगावातल्या एका वर्कशॉपमधून तक्रार आली, की मशीन बंद असताना आकडे आपोआप बदलतात, यात काहीतरी भानगड आहे. भाऊंनी जाऊन पाहिलं तर कारागीर गप्पा मारताना मशीनवर रेलून उभा राहत होता. त्याच्या वजनाने मशीन केसभर दबायचं आणि डबा तेही सांगायचा. "चुगलखोर आहे तुमचा डबा," असं तो म्हणाला.

पण मला लिहायचं आहे ते धुळ्याच्या सुकदेव नानांविषयी.

प्रवीणशेठ यांचं धुळ्यातलं वर्कशॉप त्यांच्या वडिलांनी काढलेलं. तिथला मोठा लेथ नाना चालवतात, तोही वडिलांच्या वेळेपासून. नानांना साखर आहे. साखरेने डोळ्यांचा पडदा खराब झाला, आणि जेवढं गेलं ते परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. माणूस दिसतो, दार दिसतं, डायलवरच्या रेघा दिसत नाहीत. मागच्या वर्षी लागोपाठ दोन जॉब, म्हणजे तासायला आलेले तुकडे, वाया गेले. शेठ मला आणि भाऊंना बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "बघा, मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. हा लेथ विकून टाकायचा आणि नानांना गेटवर बसवायचं. माझा भाचा म्हणतो, एकदा डीआरओ लावून बघा. लावा. पण आता जॉब बिघडला तर मात्र मी थांबणार नाही."

आत आल्यावर मला दिसलं. लेथच्या डोक्यावर, करड्या रंगावर पांढऱ्या खडूने मोठी फुली मारलेली होती. वर्कशॉपमध्ये विकायला काढलेल्या मशीनवर मालक अशी खूण करतो, म्हणजे भंगारवाल्याची माणसं चुकून दुसरं काही उचलत नाहीत. मी फुलीकडे बघतेय हे पाहून शेठ हळूच म्हणाले, "नानांना बोलू नका. त्यांना दिसत नाही ती."

त्या दिवशी भोकं पाडायचं काम माझ्याकडे होतं. पट्टी बसवायची तर मशीनच्या अंगात आटे पाडावे लागतात. मी ड्रिल हातात घेतलं तेव्हा नाना मशीनवर तळहात ठेवून उभे होते.

"तिले भोकं पाडशी?" त्यांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"पाडावी लागतील, नाना."

"मंग धीरे पाड. तिले दुखस."

मी धीरे पाडली. दोन पट्ट्या बसवल्या, एक लांबीची आणि एक आडव्या सरकणाऱ्या भागाची, म्हणजे क्रॉस स्लाइडची. या पट्टीला एका बाजूने रबराच्या ओठांची लांब फट असते. ती फट खाली तोंड करून ठेवायची, म्हणजे आत कचरा पडत नाही. पण त्या मशीनवर क्रॉस स्लाइडला तेवढी जागाच नव्हती. फट वरच्या बाजूला आली आणि भाऊंनी तिच्यावर पत्र्याचं झाकण बसवलं. मी नानांना बजावलं, हवेचा पाइप इकडे मारायचा नाही, कूलंटचं पाणी सोडायचं नाही, हातोडी आपटायची नाही. नाना प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

मग डबा सुरू केला. नाना पुढे वाकले.

"साठ... पॉइंट... चार, दोन."

"दिसतंय, नाना?"

"दखास ना. इतलं लाल शे, आंधयालेबी दखाई." मग जरा थांबून म्हणाले, "माइक उन्हमा लई जाता येस, भिंग लावता येस. डायल कशी लई जाऊ बाहेर? ती तं मशीनलेच चिपकेल शे." माइक म्हणजे मायक्रोमीटर, जॉबची जाडी मोजायचं हत्यार. ते दाराशी उन्हात नेऊन, भिंग लावून नाना अजून वाचू शकत होते. अडत होतं ते चालू मशीनवर. आता तेही अडणार नव्हतं. परतताना एसटीत मला फार बरं वाटत होतं.

दसरा होऊन गेला. कापूस यायला लागला होता. एका सकाळी भाऊंना शेठचा फोन आला, नानांचा डबा काहीतरी वेडंवाकडं दाखवतोय. भाऊ त्या दिवशी भाचीच्या साखरपुड्यात होते. म्हणाले, "तू जाऊन ये. वायर बघ, अर्थिंग बघ. पण पट्टी उघडू नको. सील तोडलं की कंपनी हात वर करते. तसंच काही असलं तर मी परवा येतो."

एकटीने जायची माझी ती पहिलीच वेळ होती. पारोळ्यापर्यंत मी वायरिंगचा नकाशा मनात घोळवत होते.

वर्कशॉपमध्ये पोचले तर लेथच्या चकमध्ये, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यात, जिनिंगच्या मशीनचा लांब शाफ्ट लावलेला होता. पारोळ्याजवळच्या एका जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मिलमधला. बेअरिंग बसतं ती जागा झिजली होती, म्हणून तिथे वेल्डिंगची भर घालून ती पुन्हा मापात तासायची होती. हे काम एकाच दिशेचं असतं. जाड राहिलं तर आणखी तासता येतं. बारीक झालं तर मात्र बेअरिंग ढिलं बसतं. मग पुन्हा वेल्डिंग, आणि तापून तापून शाफ्ट वाकायची भीती. जिनिंगचा फिटर, भिकन भाऊ नावाचा माणूस, नवीन बेअरिंग मांडीवर घेऊन स्टुलावर बसला होता. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या आहेत आणि मिल बंद आहे, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. मलाही सांगितलं.

नाना मशीनजवळ नव्हते. दाराशी उन्हात पाठमोरे उभे होते, हातात माइक, डोळ्याला भिंग.

"काय झालं, नाना?"

"काही नही. मनंच चुकनं व्हई."

शेठनी सांगितलं ते असं. नाना तासत गेले, डब्याने बासष्टच्या वर आकडा दाखवला, आणि नानांनी माइक लावला तर त्याहून बरंच कमी भरलं. नानांनी पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. तिसऱ्यांदा मोजून ते म्हणाले, मला वाचता येत नाही, आणि मशीन बंद करून बाजूला झाले.

"डबा खोटं बोलस नही," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले. "डोया बोलतस."

भिकन भाऊ बेअरिंग फिरवत म्हणाला, "शेठ, जळगावहून कोणी टर्नर मागवा ना. आमचे मालक मला दारात उभं करणार नाहीत."

"मागवतोच आहे," शेठ म्हणाले. त्यांच्या हातात फोन होता. आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "नाना, तुम्ही बसा. चहा घ्या."

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं, की नानांनीच चुकीचं वाचलं असेल. मी माइक घेतला तो नानांची चूक पक्की करायला. शाफ्टला लावला, वाचला. मग उन्हात नेऊन पुन्हा वाचला. नाना म्हणत होते तेच माप होतं.

"नाना, तुमचं बरोबर आहे. डबा जास्त दाखवतोय."

मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा उतरला. डोळे चुकले असते तर त्यांच्याकडे डबा तरी होता. आता डबाही गेला. आणि डबा असाच जास्त दाखवत राहिला असता तर त्याच्या भरवशावर नानांनी आणखी तासलं असतं, माप खाली गेलं असतं, आणि शाफ्ट हातचा गेला असता. माइक लावायची सवय सोडली नाही म्हणून वाचलो होतो.

शेठ फोन कानाला लावायच्या बेतात होते. मी म्हटलं, "शेठ, मला थोडा वेळ द्या."

"किती?"

"जळगावचा माणूस एसटीने येईल ना, त्याच्या आत."

भिकन भाऊ हसला. शेठनी फोन खिशात टाकला नाही, पण कानालाही लावला नाही.

वायरी पाहिल्या, चांगल्या होत्या. अर्थिंग ठीक. मग चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज लावला. हे घड्याळासारखं असतं, काटा बारीकशी हालचालही दाखवतो. क्रॉस स्लाइड आत नेली, बाहेर आणली. गेज परत शून्यावर आला, डबा आला नाही. पुन्हा केलं. हळूहळू सरकवत गेले तेव्हा कळलं, की एका ठरावीक जागी लाल आकडे अडखळतात. टूल पुढे जातं, आकडे क्षणभर तिथेच. चालणाऱ्या माणसाची पावलं मोजताना मध्येच डोळा लागावा तसं. पुढची पावलं बरोबर मोजली तरी बेरीज कमीच.

म्हणजे दोष वायरीत नव्हता. काचेवरच काहीतरी होतं.

मी भाऊंना फोन लावला. मागे बँड वाजत होता. त्यांनी मला दोनदा बोलायला लावलं आणि ओरडून म्हणाले, "उघडू नको. परवा!" फोन ठेवला. मी तिथेच उभी राहिले. परवापर्यंत शाफ्ट दुसऱ्याकडे जाणार, आणि नाना गेटवर. उघडलं आणि काच फुटली तर भाऊंची पट्टी गेली, माझं काम गेलं, आणि नाना तरीही गेटवरच. मी झाकणाकडे हात नेला आणि मागे घेतला.

नाना जवळ आले. फक्त म्हणाले, "भोकं पाडनी व्हती तशी. धीरे."

मी पत्र्याचं झाकण काढलं. त्याचे स्क्रू हातानेच सुटले, आम्ही आवळले होते तसे ते नव्हतेच. पट्टी खाली उतरवली, टेबलावर पेपर पसरून तिच्या टोकाचं सील कापलं आणि आतली काच उजेडात तिरपी धरली. मधोमध एक ओघळ सुकला होता. गुलाबीसर. बोटाच्या नखाएवढा.

मी वास घेतला. मग मान वर केली. लेथच्या डोक्यावर झेंडूची माळ अजून लटकत होती, सुकून काळपट झालेली.

"नाना, हे कुंकू आहे."

शेठ आणि भिकन भाऊ टेबलाशी वाकले.

"दसऱ्याला पूजा कोणी केली?"

"मी करी," नाना म्हणाले. "दरसाल मीच करस. नवा पाव्हना घरमा ऊना, त्याले कुंकू नको लावू?"

"पण याच्यावर झाकण होतं ना?"

"काढी टाकं व्हतं. तोंडवर फडकं ठी कोणी पूजा करस का? कुंकू लावं, पानी शिपडं, मंग वरथून नारय फोडं. पूजा झायी, मी परत झाकण लाई दिधं."

शेठनी कपाळावर हात मारला. "नाना, देवाला आंघोळ घातली तर देव चालतो. डबा कसा चालेल?"

भिकन भाऊ पहिल्यांदा मनापासून हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरी दसऱ्याला सकाळीच पांढरे कपडे घालून विहारात जातात. त्या दिवशी मी आईबरोबर तिथे होते, वंदनेनंतर लहान मुलांना खीर वाढत होते. त्याच वेळी इकडे धुळ्यात मशीनवर नारळ फुटत असेल, हे माझ्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. आणि कंपनीच्या माहितीपुस्तकात तेल, पाणी, चुंबक, धक्का, सगळ्याबद्दल लिहिलं आहे. कुंकवाचं नाव त्यात कुठून येणार?

"नाना, चूक कोणाचीच नाही," मी म्हटलं. "मला मऊ फडकं लागेल. अगदी मऊ. साधं फडकं काचेला ओरखडे पाडेल."

नानांनी शर्टाच्या खिशातून चष्म्याची डबी काढली. डॉक्टरांनी शेवटचा नंबर दिला तेव्हा दुकानदाराने चष्म्याबरोबर दिलेलं निळं फडकं तिच्यात होतं, घडी न मोडलेलं. "हाई ले. चष्माना तसाबी काही फायदा नही."

शेठ स्वतः मेडिकलमधून स्पिरिट घेऊन आले. मी एकाच दिशेने, न दाबता पुसत गेले. गुलाबी डाग फडक्यावर येत गेला. काच परत नळीत घातली, टोक बंद केलं, पट्टी मशीनवर चढवली. मग सगळ्यात कंटाळवाणं काम. पट्टी टूलच्या चालीशी अगदी समांतर हवी, नाहीतर माप तिरकं पडतं. गेज लावून थोडं आवळायचं, पुन्हा बघायचं, थोडं सोडायचं. भिकन भाऊ आता स्टूल सोडून माझ्या मागे उभा होता आणि त्याचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

"भाऊ, तुम्ही बसा ना," मी म्हटलं.

"बसूनच कंटाळलोय ताई."

स्लाइड आत नेली, बाहेर आणली. गेज शून्य, डबा शून्य. पुन्हा. भराभर नेली, हळू नेली. त्या जागेवरून मुद्दाम पुढे-मागे केली. आकडे अडखळले नाहीत.

"नाना, या."

शेठ म्हणाले, "शेवटचा कट दुसऱ्या कोणी..." आणि वाक्य तिथेच सोडलं. नाना आधीच मशीनजवळ पोचले होते.

त्यांनी माइकने मोजलं, उन्हात जाऊन वाचलं, तो आकडा मला डब्यात भरायला सांगितला. मशीन सुरू झालं. नाना डब्याकडे तोंड करून उभे होते आणि हात हँडलवर होता, हाताकडे ते बघतही नव्हते. ते आकडे मोठ्याने वाचत होते, कोणासाठी ते मला माहीत नाही. लोखंडाची बारीक, निळसर साल निघत होती. एका कटानंतर थांबून माइक. डबा आणि माइक जुळले. आणखी एक कट. पुन्हा माइक. पुन्हा जुळले. आता केसाएवढंच उरलं होतं. शेठनी डोळे मिटून घेतले होते, हे मी पाहिलं.

शेवटचा कट झाला. नाना दाराशी गेले. या वेळी बराच वेळ भिंग लावून उभे राहिले. मग माइक माझ्या हातात न देता थेट भिकन भाऊला दिला. "तुमनं माप तुम्ही दखा."

भिकन भाऊने पाहिलं आणि बेअरिंग तेलात गरम करायला ठेवलं. गरम बेअरिंग कापडात धरून त्याने शाफ्टवर सरकवलं. ते थोडं अडलं, मग एकाच चालीत आपल्या जागी जाऊन बसलं. निवल्यावर त्याने दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. हललं नाही.

शाफ्ट टेम्पोत चढला. वर्कशॉप एकदम शांत झालं. मी हत्यारं गोळा करत होते. निळं फडकं नानांना परत दिलं तर त्यांनी गुलाबी डाग वर येईल अशी घडी घालून ते डबीत ठेवलं.

शेठ लेथपाशी आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी कॉटन वेस्टचा बोळा उचलला आणि सहज टेकल्यासारखं करून लेथच्या डोक्यावरची खडूची फुली पुसायला लागले. नाना दुसऱ्या बाजूला लोखंडाचा भुसा झाडत होते.

"नीट पुसा, प्रवीणभाऊ," ते मान वर न करता म्हणाले. "राहस तं तेलमा चिकटस."

शेठचा हात थांबला. "तुम्हाला दिसत होती?"

"डोया गयात. कान कोठे गयात? लोखंडवर खडू घसा, तवयच ऐकू ऊनं."

"मग बोलला का नाहीत?"

नानांनी ब्रश खाली ठेवला. "दसराले बठ्ठी मशीन घासलेटथून धुई काढी. तेवढंच ठेवं. तुमना हातनं व्हतं. तुमनाच हाते जावाले जोयजे."

शेठनी बोळा घासलेटात बुडवून ती जागा पुन्हा पुसली, मग कोरड्या फडक्याने पुसली. नाना शेजारी उभे होते.

"गयं का?"

"गेलं, नाना."

नानांनी त्या जागेवरून बोटं फिरवली. मग ती एकमेकांवर चोळून पाहिली, खडू लागतोय का ते.

"पोरी," ते म्हणाले, "तुना डबा चालू कर. दुसरा जॉब लावाना शे."